शाळेच्या निधीसाठी थीम केक करताय? आधी आखाडा आखा, मग क्रीम फेटा



डिसेंबर-जानेवारी आला की कोल्हापुरात स्नेहसंमेलनं, आनंद बाजार, फन फेअर यांची रांग लागते. कुठे वाचनालयासाठी पैसे उभे करायचे असतात, कुठे संगणक, कुठे मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर आपल्या जिल्ह्यात शाळेसाठी निधी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरजच उरलेली नाही. मग पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "ताई, तुम्ही केक छान करता, स्टॉल घ्या की!" आणि तुम्ही हो म्हणून मोकळ्या होता.

हो म्हणा, जरूर म्हणा. घरून केकचा व्यवसाय सुरू करायचाय त्यांच्यासाठी ही चांगली संधी आहे. पण हो म्हणायच्या आधी काही गोष्टी ठरल्या पाहिजेत. नाहीतर शाळेला दीड हजार मिळतात, तुमचे दोन हजार जातात आणि चार रात्रींची झोप जाते ती वेगळीच. व्हिडिओत सजावट दाखवता येते, हिशेब आणि नियम मात्र कागदावरच नीट समजतात. म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न: केक शाळेत विकता येतो का?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२० मध्ये शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दल नियम काढले. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, मेसमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, असं त्यात आहे. क्रीमचा केक कुठल्या बाजूला पडतो हे तुम्हीच ओळखा. गूळ घातला म्हणून तो सुटत नाही. गूळसुद्धा वरून घातलेली साखरच. त्यात मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कशात किती साखर आहे हे मुलांना दाखवणारे. त्याच फलकाशेजारी तुमचा निळ्या क्रीमचा डोंगर उभा राहिला तर मुख्याध्यापकांची पंचाईत होणार.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. मधल्या सुट्टीत मुलांच्या हातात विक्री करूच नका. पालकांकडून आगाऊ ऑर्डर घ्या. शाळेने पालकांना एक सूचनापत्र पाठवायचं, त्यात तुमचे तीन-चार डिझाइन आणि किंमत, पैसे आधी, आणि केक पालकांनी ठरलेल्या दिवशी तुमच्या घरून न्यायचा. यात नियमाची अडचण येत नाही, केक उरत नाहीत आणि किती मैदा आणायचा हे आठ दिवस आधी कळतं. प्रत्यक्ष कार्यक्रमात एखादा मोठा केक मांडायचा असेल तर तो संध्याकाळी, पालकांसाठी, आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी हातात घेऊनच.

दुसरं म्हणजे तुमची स्वतःची नोंदणी. घरून केक विकणाऱ्यालासुद्धा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. "मी तर फक्त शाळेसाठी करतेय" हे कारण चालत नाही, कारण छोट्या अन्न व्यावसायिकाच्या व्याख्येत तात्पुरता स्टॉल लावणारेही येतात. छोट्यांसाठी मोठं लायसन्स लागत नाही, साधी नोंदणी पुरते. अर्ज फोस्कॉस पोर्टलवर होतो, शुल्क नाममात्र आहे आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. बरीच वर्षं या नोंदणीसाठी वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीची मर्यादा होती. असे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्ज भरताना पोर्टलवर बघून घ्या. तो क्रमांक डब्यावर छापला की अनोळखी पालकसुद्धा विश्वासाने विचारायला येतात. जाहिरातीवर पाचशे रुपये घालवण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

थीम निवडताना: कार्टून सोडा, कोल्हापूर घ्या

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात एकच येतो. स्पायडरमॅन, डोरेमॉन, छोटा भीम. मुलं मागतात हे खरं, पण या पात्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात आणि परवाना न घेता ती विकणं म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता विकणं. घरच्या पोराच्या वाढदिवसाला केलं ते वेगळं, शाळेच्या छापील पत्रकावर किंमत टाकून विकलं ते वेगळं. आठवा, जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, श्रेय न देता. अख्खं कोल्हापूर पेटलं होतं, आणि बरोबरच होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. मग आपणही दुसऱ्याचं चित्र न विचारता विकू नये, एवढं साधं गणित आहे.

आणि खरं सांगू? धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा कार्टून फायद्याचं नाही. ते प्रत्येक केकवाली करते. भाव कुठे वाढवणार? आपल्या गावात असे विषय पडलेत की ते दुसरीकडे कुणी करूच शकत नाही.

खासबागचं मैदान घ्या. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये बांधून झालेलं, मधोमध गोल आखाडा. केक मुळातच गोल असतो! गुळाचा तपकिरी स्पंज करा, कोल्हापूरचा गूळ आहेच, त्यालाही मानांकन मिळालेलं आहे. वर चॉकलेट क्रीमचा पातळ थर आणि त्यावर तांबडी माती. मातीसाठी ग्लुकोज बिस्किटांचा चुरा, थोडा कोको आणि लाल जेल रंगाचा एक थेंब एका पिशवीत घालून चोळा. कडेने बिस्किटांच्या कांड्यांचं कुंपण. पैलवान करायला जमत नसतील तर करू नका, नुसती फाँडंटची गदा ठेवा. ओळखायला तेवढी पुरते.

फुटबॉल तर आपल्या पेठापेठांचा श्वास. अर्धगोल वाटीत स्पंज भाजून चेंडू होतो, पण पंचकोन-षटकोन बसवताना वेळ फार खातो. त्यापेक्षा चौकोनी केकवर मैदान करा. हिरव्या क्रीमचं गवत २३३ नंबरच्या नोझलने भराभर होतं, आखणी पांढऱ्या क्रीमने, आणि चेंडू फक्त एक, छोटा. एक गोष्ट मात्र सांभाळा: कुठल्याही तालमीच्या जर्सीचा रंग वापरू नका. एका पेठेची ऑर्डर आली की दुसऱ्या पेठेची गेलीच म्हणून समजा.

दिवाळीतला किल्ला हा माझा सगळ्यात आवडता विषय. वेगळे काढलेले आणि कडेचे तुकडे रचून डोंगर, त्यावर चॉकलेट क्रीम चमच्याने ओबडधोबड लावायचं, हिरव्या नारळकिसाचं हळीव, बिस्किटांचा बुरूज. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यासारख्या कमानी फाँडंटमध्ये कापता येतात. यात सफाई लागतच नाही, जितकं खडबडीत तितकं खरं दिसतं. म्हणून नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. फक्त किल्ल्यावर महाराजांची प्रतिमा ठेवू नका. देवदेवता, महाराज, संत यांची चित्रं ज्या वस्तूवर सुरी फिरणार आहे तिच्यावर नकोत. कुणाचं मन दुखावलं तर शाळाही अडचणीत येते आणि तुम्हीही.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमाला तिरंगा केक मागतात. २०१३ मध्ये कोइमतूरला तिरंगा आणि नकाशा असलेला मोठा केक कापल्याचं प्रकरण कोर्टात गेलं होतं, आणि मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो राष्ट्रध्वजाचा अपमान ठरत नाही असा निकाल दिला. म्हणजे निर्दोष ठरले, पण वर्षं किती गेली बघा! तीन रंगांचे वेगवेगळे कपकेक ठेवा, अशोकचक्र नको. काम होतं.

चपलेचा केक करावा का, हा प्रश्न नेहमी येतो. दिसतो नादखुळा, वेणीची पट्टी फाँडंटमध्ये सुरेख जमते. पण काही घरांत खाण्याच्या वस्तूवर चप्पल बघवत नाही. आधी ऑर्डर आली तरच करा, मांडणीत ठेवू नका. त्यापेक्षा कोल्हापुरी साज करा. पिवळ्या फाँडंटची छोटी पानं आणि मणी पांढऱ्या केकच्या कडेने बसवले की शिक्षिकांकडून हमखास मागणी येते.

सजावटीचं खरं काम

आता हाताच्या कामाकडे वळू. सगळ्यात जास्त केक इथे बिघडतात, आणि ते कलेमुळे नाही, तापमानामुळे.

नॉन-डेअरी व्हिप क्रीम फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायचं. बाहेर वितळवायचं नाही. फेटताना त्यात बर्फाचे बारीक कण जाणवतील इतकं गार हवं. भांडं आणि बीटरची पाती पण गार. टोक उभं राहिलं की थांबा. पुढे फेटत राहिलात तर क्रीम रवाळ होतं आणि नोझलमधून फाटकं येतं. कोल्हापुरात डिसेंबरात सकाळी हे काम सुखाचं आहे, एप्रिलमध्ये मात्र पहाटे उठावं लागतं. म्हणून शाळेने तारीख विचारली तर थंडीतलीच सुचवा.

फाँडंटचं उलटं आहे. त्याला फ्रीज चालत नाही. बाहेर काढलं की घाम सुटतो, रंग ओघळतात. फाँडंटच्या गदा, चेंडू, कमानी दोन-तीन दिवस आधी करून कोरड्या जागी उघड्या वाळवा. पाव किलो फाँडंटला एक छोटा चमचा सीएमसी पावडर मळली की आकार घट्ट राहतात. हे तुकडे क्रीमवर अगदी शेवटी, केक घेऊन जायच्या आधी ठेवायचे. विकतचं फाँडंट घेताना पाकिटावरचं हिरवं चिन्ह तपासा, कारण काहींत जिलेटिन असतं, मार्शमेलोत तर बहुतेक वेळा असतंच. आपल्याकडे जैन कुटुंबं भरपूर. 'एगलेस' लिहिलं आणि वर जिलेटिन निघालं तर पुन्हा कोणी दारात येणार नाही. अंड्याचा केकही करत असाल तर त्याची भांडी, ब्रश, साचे वेगळे ठेवा. आपल्या नियमांत अंडं असलेला पदार्थ मांसाहारीच धरतात.

रंगांविषयी जरा थांबून वाचा, कारण हे केक मुलं खाणार आहेत. भारतात खाण्यासाठी फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि केकमध्ये त्यांचं प्रमाण किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंतच. सुटा, पुडीतला, नाव नसलेला रंग कितीही झगझगीत असला तरी घ्यायचा नाही. जेल रंग घ्या, पाकिटावर एफएसएसएआय क्रमांक बघा. गडद लाल आणि काळा रंग ओतत बसू नका, तोंड कडू होतं आणि जीभ रंगते. काळ्यासाठी कोको घातलेल्या क्रीमपासून सुरुवात करा. लाल हवा त्यापेक्षा थोडा फिका ठेवून दोन-तीन तास झाका, रंग आपोआप चढतो. चमकीच्या डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'खाण्यायोग्य' असा नाही. खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच केकवर.

खरी फुलंही जपून. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, केकच्या आसपाससुद्धा नकोत. बाजारातल्या गुलाबावर फवारणी असते. टूथपिक, टाचणी, तार, प्लास्टिकचे मणी हे लहान मुलांच्या केकमध्ये अजिबात नाही. आधार लागला तर जाड स्ट्रॉ वापरा आणि पालकांना तोंडी सांगा, "ताई, मधे दोन स्ट्रॉ आहेत, कापताना काढा."

नेणं-आणणं म्हणजे अर्धी लढाई. आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेतच. केक पाटावर क्रीमच्या ठिपक्याने चिकटवा, डब्याखाली रबराची जाळी, उन्हाचं असेल तर थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या. गाडीवर केक मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा पायाजवळ सपाट ठेवलेला बरा.

हिशेब: तासाला शाळेला किती मिळाले?

इथे वही काढा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून पुन्हा मांडा.

अर्ध्या किलोचा आखाडा केक. स्पंजचं सामान ४० रुपये, क्रीम ४५, भरण-पाक-रंग २०, फाँडंट ३५, पाट आणि डबा ३५, गॅस-वीज १५. झाले १९०. किंमत ठेवली ४५०. वीस केकची ऑर्डर आली तर जमा ९,०००, सामान ३,८००, शिल्लक ५,२००. छान वाटतं. पण वीस केकना तुमचे ३५ तास गेले असतील तर तासाला साधारण १४९ रुपये उभे राहिले.

आता कपकेक. एकाला सामान १४ रुपये, किंमत ३०. शंभर कपकेकवर शिल्लक १,६००. रक्कम लहान दिसते, पण काम ९ तासांचं. तासाला १७८ रुपये. म्हणजे कमी दिखाऊ वस्तू तुमच्या वेळेला जास्त मोल देते. ४७ कपकेक विकले की सामानाचे १,४०० निघतात, त्यापुढचं सगळं शाळेचं.

दोन किलोचा किल्ला केक मांडून बोली लावायची असेल तर सामान समजा ९०० आणि वेळ ९ तास. बोली ३,००० वर गेली तर तासाला २३३, सगळ्यात उत्तम. पण गेली तर! म्हणून पहिली बोली ९०० च्या खाली सुरू करायचीच नाही. आणि कूपनं विकून सोडत काढायची कल्पना कोणी मांडली तर नम्रपणे नाही म्हणा. पैसे घेऊन चिठ्ठी काढणं कायद्याच्या नजरेत लॉटरी ठरू शकतं.

हे आकडे समोर असले की शाळेशी बोलणं सोपं होतं. व्यवहार तीन प्रकारे होऊ शकतो. सगळंच दान, म्हणजे सामानही तुमचं. दुसरं, सामानाचे पैसे तुम्हाला, बाकी सगळं शाळेला. तिसरं, सामान आणि ठरलेली मजुरी तुम्हाला, उरलेलं शाळेला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी दुसरा प्रकार घ्यावा असं मला वाटतं. पहिल्यात दोन महिन्यांनी भांडवलच संपतं. तिसऱ्यात चूक काहीच नाही, पण मग पत्रकावर तसं स्पष्ट छापलं पाहिजे: "या किमतीतले इतके रुपये शाळेला." लोकांना वाटतं सगळे पैसे शाळेला चाललेत आणि नंतर कळतं की नाही, तिथे नाव खराब होतं. कुंभोजमध्ये, आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं. कमावण्याची लाज त्यांनीही मानली नाही, तुम्ही का मानावी? फक्त लपवू नका.

मुलांना सोबत घेता आलं तर बघा. आठवी-नववीच्या मुलांना ऑर्डरची यादी, पावत्या, हिशेब द्या. पातेल्याजवळ नको, वहीजवळ.

डब्यावर काय हवं, आणि पैसे कसे द्यायचे

प्रत्येक डब्यावर एक छोटी चिठ्ठी: केक कधी केला, कधीपर्यंत खायचा, फ्रीजमध्ये ठेवा, त्यात मैदा, दूध, सुकामेवा काय काय आहे, शाकाहारी चिन्ह, नोंदणी क्रमांक आणि तुमचा फोन. 'पुढच्या ऑर्डरवर २० टक्के सूट' असलं काही लिहू नका. निधीच्या केकवर सवलत छापली की तो निधीचा राहत नाही. त्याऐवजी लिहा: "थीम केकसाठी पाच दिवस आधी सांगा." ज्याला हवंय तो फोन करतो.

गोळा झालेले पैसे स्वतःच्या खात्यात फिरवू नका. शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्याचाच क्यूआर कोड ठेवा आणि सामानाचे पैसे शाळेकडून बिलावर घ्या. कोणी पालक ८०जी ची पावती मागेल; ती फक्त संस्थेकडे तशी मान्यता असेल तर आणि थेट दिलेल्या देणगीवर मिळते. केक विकत घेतला ती खरेदी, देणगी नव्हे. तुम्ही दिलेला मैदा-क्रीम ही वस्तुरूप मदत, तिच्यावरही वजावट नाही. दोन हजारांवरची रोख देणगीसुद्धा बसत नाही. हे आधीच सांगून टाका.

कार्यक्रम झाल्यावर तीन दिवसांत एका पानाचा हिशेब मुख्याध्यापकांना द्या: किती ऑर्डर, किती जमा, सामानाची बिलं जोडून किती खर्च, शाळेला किती. त्याची एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. पुढच्या शाळेत बोलायला जाल तेव्हा फोटोंच्या अल्बमच्या आधी तो कागद टेबलावर ठेवा.